सुपरडिफॉर्म्ड अणुकेंद्रांचा गामा-अभ्यास मुंबईत सुरू करताना : नव्या विद्यार्थ्यांसाठी पायरीपायरीने

कलिना कॅम्पसला एम.एस्सी.च्या दुसऱ्या वर्षाला होते, तेव्हा सरांनी माझ्यासमोर एक छापील आलेख ठेवला. आडव्या अक्षावर ऊर्जा, उभ्या अक्षावर मोजणी, आणि मधोमध एकोणीस शिखरं, फणीच्या दातांसारखी सारख्या अंतरावर. डिस्प्रोशियम-१५२ चा आलेख होता तो. सर म्हणाले, "हे अणुकेंद्र गरगर फिरतंय आणि एकेक गामा सोडत मंदावतंय. आता सांग, शेवटच्या दातानंतर त्याचं काय होतं?"

मला सांगता आलं नाही. आलेखात ते नव्हतंच. ही फणी १९८६ मध्ये इंग्लंडमधल्या डेर्सबरी इथे पीटर ट्विन आणि त्यांच्या सहकाऱ्यांना दिसली, आणि शेवटच्या दाताखालची वाट पक्की व्हायला २००२ साल उजाडलं. मधली सोळा वर्षं शिडी स्पष्ट दिसत होती, पण ती कितव्या मजल्यावर टेकली आहे हे कुणाला खात्रीने सांगता येत नव्हतं.

त्या प्रश्नामुळेच मी या विषयात आले. पुढे पीएच.डी. झाली, कुलाब्यात शिफ्टा झाल्या, रात्र रात्र स्पेक्ट्रम बघून झाले. आता दरवर्षी एक-दोन विद्यार्थी फोन करतात, "ताई, सुरुवात कुठून करू?" असं विचारतात, आणि मी त्यांना तेच सांगते. म्हणून एकदा सगळं लिहून काढलं.

१. आधी प्रश्न नीट समजून घ्या

सॉफ्टवेअर उघडायच्या आधी आठवडाभर फक्त हेच करा. बहुतेक जण ही पायरी गाळतात आणि सहा महिन्यांनी परत इथेच येतात.

नेहमीचं अणुकेंद्र गोल किंवा किंचित लांबट असतं. काही अणुकेंद्रं मात्र खूप ताणलेल्या आकारातही टिकतात; त्यांनाच सुपरडिफॉर्म्ड म्हणतात. डिस्प्रोशियम-१५२ मध्ये लांब आणि आखूड अक्षांचं प्रमाण जवळजवळ २:१ असतं. पारा आणि शिसं यांच्या १९० वस्तुमानाच्या आसपासच्या केंद्रकांत ते थोडं कमी, साधारण १.६५:१. या आकाराला ठरावीक प्रोटॉन आणि न्यूट्रॉन संख्या मानवतात. डिस्प्रोशियम-१५२ मधले ६६ प्रोटॉन आणि ८६ न्यूट्रॉन ही त्यातलीच जोडी. ऊर्जेचा आलेख विरूपणाच्या अक्षावर काढला तर नेहमीच्या आकाराची एक दरी दिसते, मग एक टेकाड, आणि टेकाडापलीकडे दुसरी दरी. सुपरडिफॉर्म्ड अवस्था त्या दुसऱ्या दरीत राहतात. अशा दुसऱ्या दरीचा सुगावा १९६२ मध्ये दुबना इथे अमेरिशियम-२४२ च्या विखंडन आयसोमरमुळे, म्हणजे जरा जास्त वेळ टिकून मग फुटणाऱ्या उत्तेजित अवस्थेमुळे, लागला होता. १९८६ मधलं नवेपण असं की इतकं ताणलेलं केंद्रक वेगाने फिरताना थेट गामा किरणांत दिसलं.

फार वेगाने फिरताना ताणलेला आकार ऊर्जेच्या दृष्टीने परवडतो. केंद्रक मंदावत गेलं की नेहमीचा आकार स्वस्त पडू लागतो. पण मध्ये टेकाड असतं, म्हणून केंद्रक दुसऱ्या दरीतच एकेक पायरी उतरत राहतं. आता त्याच्या आजूबाजूला, त्याच ऊर्जेला, नेहमीच्या आकाराच्या पातळ्यांची गर्दी असते. एखादी सुपरडिफॉर्म्ड पातळी अशा एखाद्या शेजारणीत जराशी मिसळली, की टेकाडातून बोगदा सापडतो. मग केंद्रक पहिल्या दरीत येतं आणि तापलेल्या केंद्रकासारखं शेकडो वाटांनी खाली येतं.

हे सगळं एक-दोन पायऱ्यांतच उरकतं. मला हे फार दिवस कळत नव्हतं. कळलं ते एका साध्या गुणाकारामुळे. बँडमधली, म्हणजे या शिडीतली, संक्रमणं ई-२ (विद्युत चतुर्ध्रुवी) जातीची असतात आणि त्यांचा वेग गामाच्या ऊर्जेच्या पाचव्या घातावर ठरतो. डिस्प्रोशियमच्या फणीत वरचा दात १,४४९ केईव्हीचा (केईव्ही म्हणजे हजार इलेक्ट्रॉन-व्होल्ट, एमईव्ही म्हणजे दहा लाख) आणि खालचा ६०२ केईव्हीचा. १,४४९ भागिले ६०२ म्हणजे २.४, आणि त्याचा पाचवा घात सुमारे ८०. म्हणजे आकार तोच असला तरी खालच्या पायरीवर बँडमध्येच उतरायला ऐंशीपट वेळ लागतो, आणि तेवढा वेळ बोगद्याला मिळतो. हा गुणाकार स्वतः करून बघा.

२. वहीत करायचे आणखी दोन हिशेब

पहिला : दातांमधलं अंतर. ६०२ ते १,४४९ मध्ये अठरा अंतरं आहेत, म्हणजे सरासरी ४७ केईव्ही. गतिक जडत्व आघूर्ण, म्हणजे फिरण्याचा वेग बदलायला केंद्रक किती विरोध करतं त्याचं माप, काढायचं सूत्र सोपं आहे : ४ भागिले हे अंतर, एमईव्हीमध्ये. ४ ÷ ०.०४७ = ८५. अंतर सगळीकडे सारखं असणं म्हणजे हा आकडा जवळजवळ स्थिर असणं, म्हणजेच केंद्रक घट्ट वस्तूसारखं फिरत असणं.

दुसरा हिशेब मोजणीचा आहे, आणि प्रयोग आखण्याआधी तो प्रत्येकाने केलाच पाहिजे. समजा डिस्प्रोशियम-१५२ ची एक कोटी केंद्रकं तयार झाली. त्यांतली दोनेक टक्केच सुपरडिफॉर्म्ड बँडमधून जातात, म्हणजे दोन लाख. त्या दोन लाखांपैकी एखाद्या ठरावीक जोडणाऱ्या संक्रमणातून, म्हणजे ताणलेल्या आकारातून नेहमीच्या आकारात नेणाऱ्या जोडरेषेतून, टक्काभर जातात, म्हणजे दोन हजार. फणीचे दोन दात आणि ती जोडरेषा असे तीन गामा एकत्र पकडायचे आहेत. दातांसाठी कार्यक्षमता पाच टक्के धरा, चार एमईव्हीच्या गामासाठी दोन टक्के. पंधरा दात वापरले तर त्यांच्या १०५ जोड्या होतात. गुणाकार केला की हातात साधारण दहा मोजण्या उरतात. एक कोटी केंद्रकांमागे दहा! हा ढोबळ हिशेब आहे, पण यातूनच कळतं की १९९० च्या दशकात अमेरिकेत ११० शोधकांचा गामास्फिअर का उभा राहिला आणि युरोपात यूरोबॉल का आला. १९९६ मध्ये पारा-१९४ ची वाट पक्की झाली ती गामास्फिअरवरच.

याचा तुमच्यासाठी अर्थ असा : पहिल्याच प्रयोगात नवी जोडरेषा शोधायचा हट्ट धरू नका. तंत्र नेहमीच्या बँडवर शिका. हात बसला की अवघड गोष्टीकडे वळा.

३. मुंबईत दार कुठे आहे

कुलाब्याला, नेव्ही नगरच्या टोकाला टाटा मूलभूत संशोधन संस्थेच्या (टीआयएफआरच्या) आवारात भाभा अणुसंशोधन केंद्र आणि टीआयएफआर यांचा मिळून पेलेट्रॉन त्वरक आहे. १४ दशलक्ष व्होल्टचं हे यंत्र १९८८ पासून चालतंय. पुढे त्याला अतिसंवाहक लायनॅक (सरळ रेषेतला त्वरक) जोडला गेला, त्यामुळे जड आयनांना जास्त ऊर्जा देता येते. याच ठिकाणी इन्गा, म्हणजे भारतीय राष्ट्रीय गामा शोधक संच, आळीपाळीने उभा राहतो. तो दिल्ली, कोलकाता आणि मुंबई असा फिरता आहे. म्हणून पहिला प्रश्न विचारायचा तो हाच : संच सध्या कुठे आहे? तो दुसऱ्या शहरात असला तरी हरकत नाही. जुना डेटा इथेच असतो, आणि शिकणं जुन्या डेटावरच होतं.

आत शिरायच्या वाटा तीन. एम.एस्सी.चा प्रकल्प तुमच्या विभागातल्या प्राध्यापकांमार्फत करता येतो. ही वाट सगळ्यात सोपी, आणि कलिनाच्या मुलांना हे माहीतच नसतं. दुसरी वाट टीआयएफआरचा उन्हाळी विद्यार्थी कार्यक्रम, व्हीएसआरपी. तिसरी पीएच.डी., त्यासाठी टीआयएफआरची स्वतःची जीएस प्रवेश परीक्षा किंवा जेस्ट ही अनेक संस्थांची मिळून असलेली परीक्षा. कुठलीही वाट धरा, पण आधी ज्यांच्याकडे काम करायचंय त्यांचे दोन शोधनिबंध वाचा आणि मगच ईमेल लिहा. "मला न्यूक्लिअर फिजिक्समध्ये रस आहे" एवढंच लिहिलेल्या ईमेलला उत्तर येत नाही. "तुमच्या आकृती ३ मधलं अमुक संक्रमण द्विध्रुवी कशावरून?" असं विचारलंत तर बहुधा येतं.

४. सोबत काय हवं

कागदपत्रं : विभागाचं शिफारसपत्र, कॉलेजचं ओळखपत्र, आधार किंवा पासपोर्ट, आणि चार-सहा फोटो. परिसर नौदलाचा असल्यामुळे ओळखपत्राशिवाय बाहेर पडूच नका. मी एकदा घरी विसरले आणि अर्धा दिवस त्यातच गेला. प्रवेशपत्राला वेळ लागतो, म्हणून शिफ्टच्या आदल्या दिवशी धावपळ करू नका. बीम हॉलमध्ये काम करायचं असेल तर किरणोत्सार सुरक्षेचं प्रशिक्षण आणि टीएलडी बॅज, म्हणजे अंगावर किती किरणोत्सार पडला ते नोंदवणारा बिल्ला, लागतो. बॅज कामावर असताना छातीवर लावायचा, घरी न्यायचा नाही, आणि दुसऱ्याचा कधीही वापरायचा नाही.

साधनं : लिनक्स असलेला लॅपटॉप, दोन टेराबाइटची बाहेरची डिस्क, डेव्हिड रॅडफर्ड यांचं रॅडवेअर, आणि रूट (दोन्ही डेटा विश्लेषणाची सॉफ्टवेअर). टीआयएफआरमधला टाइमस्टॅम्प डेटा, ज्यात प्रत्येक नोंदीला वेळेचा शिक्का असतो, लावण्यासाठी मार्कोस नावाचा प्रोग्रॅम आहे, तो तिथल्याच कुणाकडून शिकून घ्या. शिवाय ब्रूकहेवनचा ईएनएसडीएफ हा माहितीसाठा, त्यात प्रत्येक केंद्रकाच्या ज्ञात पातळ्या मोफत मिळतात. आणि एक जाड, शिवलेली वही. सुट्टी पानं नकोत.

५. शिफ्टवर

इन्गात पूर्ण क्षमतेने २४ क्लोव्हर शोधक बसतात. एका क्लोव्हरमध्ये जर्मेनियमचे चार स्फटिक एकाच थंड डब्यात असतात, क्लोव्हरच्या पानासारखे. भोवती बीजीओ या दुसऱ्या शोधक स्फटिकाचं कवच असतं. गामा जर्मेनियममध्ये पूर्ण न शोषला जाता बाहेर निसटला तर कवचाला कळतं आणि ती नोंद टाकून दिली जाते. हे कवच नसेल तर शिखरांखाली एवढा कचरा साठतो की फणी त्यातच बुडून जाते.

जर्मेनियम द्रव नायट्रोजनच्या तापमानाला ठेवावं लागतं, उणे १९६ अंशांच्या आसपास. पावसाळ्यात कुलाब्याच्या हवेत एवढा दमटपणा असतो की भरताना नळीवर बघता बघता पांढरं दव गोठतं. हातमोजे आणि चष्मा घालाच. बंद खोलीत नायट्रोजन सांडला तर तो ऑक्सिजनची जागा घेतो, म्हणून भरताना कुणीतरी दुसरं सोबत असायलाच हवं. हे कुणी सांगितलं नाही तरी आग्रह धरा.

रात्रीच्या शिफ्टचं एक सांगते. तीन-साडेतीनला डोळे मिटायला लागतात, आणि नेमका त्याच वेळी एखाद्या शोधकाचा गेन, म्हणजे सिग्नल किती पट मोठा करायचा ते माप, हळूच सरकतो. दर तासाला एका ज्ञात शिखराची जागा वहीत लिहायची सवय लावून घ्या. पुढे डेटा तासातासाने दुरुस्त करताना याच नोंदी कामाला येतात. सकाळी बाहेर पडलं की समोर समुद्र असतो आणि पहिल्या बसला जागा मिळते. डोंबिवलीपर्यंत झोपून जाता येतं.

६. कॅलिब्रेशन : इथे घाई केलीत की सगळं वाया

कॅलिब्रेशन म्हणजे ज्ञात ऊर्जेच्या रेषा वापरून शोधकाचं माप बसवणं. हा भाग लांबणार आहे. माझे तीन आठवडे इथेच गेले होते.

प्रत्येक प्रयोगशाळेत युरोपियम-१५२ चा स्रोत असतोच. १२१.८ पासून १,४०८.० केईव्हीपर्यंत त्याच्या छान पसरलेल्या रेषा मिळतात. सोबत बेरियम-१३३ लावला की खालची बाजूही भरून निघते. फणीच्या दातांसाठी एवढं जवळपास पुरतं. पण जोडणाऱ्या रेषा ३ ते ४.५ एमईव्हीला असतात. डिस्प्रोशियम-१५२ मधली, ज्यामुळे कोडं सुटलं ती रेषा ४,०११ केईव्हीची आहे. १,४०८ ला थांबलेली सरळ रेष तुम्ही ४,००० पर्यंत ओढली तर ती किती सरकेल, हे इलेक्ट्रॉनिक्सच्या मर्जीवर सोडून दिल्यासारखं होतं.

मी तेच केलं होतं. ३,३०० केईव्हीच्या आसपास मला दोन शिखरं मिळाली होती. एकाच वरच्या पातळीवरून नेहमीच्या आकाराच्या दोन ज्ञात पातळ्यांवर जाणारी असावीत असं वाटलं. तसं असेल तर त्यांच्या ऊर्जांमधला फरक हा त्या दोन पातळ्यांमधल्या फरकाएवढाच हवा. माझ्या हिशेबात अडीच केईव्हीचा फरक पडत होता. फिटिंग बदललं, पार्श्वभूमी बदलली, गेट (ठरावीक गामासोबत आलेल्याच नोंदी निवडणारी चाळण) बदलले, काही केल्या जुळेना. शेवटी सरांनी विचारलं, "वरच्या टोकाला कॅलिब्रेशन कशाने केलंस?" कशानेच नाही, हे खरं उत्तर होतं.

कोबाल्ट-५६ वापरा. त्याच्या रेषा ८४६.८ पासून ३,४५१ केईव्हीपर्यंत जातात आणि अर्धायुष्य ७७ दिवसांचं असल्यामुळे आरामात काम करता येतं. त्याही वर जायचं तर गॅलियम-६६ आहे, ४,८०६ केईव्हीपर्यंत, पण त्याचं अर्धायुष्य जेमतेम साडेनऊ तासांचं, म्हणून तो त्वरकावरच बनवून लगेच वापरावा लागतो. याची आखणी बीमच्या वेळेच्या आधी करून ठेवा. प्रयोग संपल्यावर कुणी तुमच्यासाठी यंत्र परत चालू करणार नाही.

कॅलिब्रेशनचा वक्र सरळ रेषेवरच थांबवू नका, वर्गपद आणि लागलंच तर घनपदही घ्या. प्रत्येक स्फटिकासाठी वेगळं. २४ क्लोव्हर म्हणजे ९६ स्फटिक. कंटाळवाणं काम आहे, पण एका स्फटिकाचं चुकलं तर बेरीज केलेल्या शिखराला शेपूट फुटते, आणि ती शेपूट तुम्हाला नवं संक्रमण वाटू शकते.

७. डॉपलर : दात शेजारच्या दातावर पडतो

टार्गेट पातळ असेल तर केंद्रकं उडत उडत गामा सोडतात, आणि शोधक कुठल्या कोनात आहे त्यानुसार गामाची ऊर्जा वर-खाली सरकलेली दिसते. हाच डॉपलर परिणाम. डेर्सबरीच्या प्रयोगात २०५ एमईव्हीचा कॅल्शियम-४८ पॅलॅडियम-१०८ वर आदळवला होता. संयुक्त केंद्रकाचा वेग प्रकाशाच्या वेगाच्या तीन टक्क्यांच्या जवळ येतो. म्हणजे १,००० केईव्हीचा गामा बीमच्या दिशेपासून २३ अंशांवरच्या शोधकात सुमारे २७ केईव्ही वर दिसेल आणि १५७ अंशांवर तेवढाच खाली. दोन्हींत ५४ केईव्हीचं अंतर, आणि फणीच्या दातांमध्ये ४७! दुरुस्ती न करता सगळ्या शोधकांची बेरीज केलीत तर दात एकमेकांवर पडून फणी नाहीशी होते.

टीआयएफआरमधल्या मांडणीत २३, ४०, ६५, ११५, १४० आणि १५७ अंशांवर प्रत्येकी तीन आणि ९० अंशांवर सहा क्लोव्हर बसतात. कोन क्लोव्हरचा न धरता त्यातल्या स्फटिकाचा धरा. चारही स्फटिकांची बेरीज करताना, ज्याला प्रयोगशाळेत ॲडबॅक म्हणतात, सगळ्यात जास्त ऊर्जा ज्या स्फटिकात पडली त्याचा कोन घ्यायचा. चार एमईव्हीच्या गामासाठी ही बेरीज फार मोलाची, कारण एवढा जोरकस गामा एकाच स्फटिकात क्वचितच थांबतो.

८. गेट लावताना

टाइम विंडो, म्हणजे ज्या वेळेत आलेले गामा 'एकत्र' धरायचे ती मुदत, १०० ते २०० नॅनोसेकंदांची असते. आयसोमर असलेल्या केंद्रकात खालची संक्रमणं उशिरा येतात आणि अरुंद विंडोत ती गळतात, हे लक्षात ठेवा.

मग मॅट्रिक्स (एकत्र आलेल्या दोन-दोन गामांचा तक्ता), आणि डेटा पुरेसा असेल तर तिहेरी क्यूब (तीन-तीन गामांचा). दोन दातांवर गेट लावा, उरलेले दात दिसायला हवेत. एकाच जोडीवर विसंबू नका, शक्य त्या सगळ्या जोड्यांची बेरीज करा. पण बेरजेआधी प्रत्येक गेट एकेकटं बघायचं आणि घाणेरडं असेल तर वगळायचं. उदाहरण सांगते. डिस्प्रोशियम-१५२ च्या फणीचा तिसरा दात ६९३ केईव्हीला आहे. शोधकातल्याच जर्मेनियम-७२ वर न्यूट्रॉन आदळले की ६९१ केईव्हीपासून उजवीकडे उतरत जाणारा त्रिकोणी उंचवटा उठतो, बरोबर तिथेच. त्याचा भाऊ ५९६ ला आहे, पहिल्या दाताच्या शेजारी. जड आयनांच्या प्रयोगात न्यूट्रॉन तर निघणारच. त्या गेटमधून येणाऱ्या शिखरांवर दुप्पट संशय ठेवा. ५११, पोटॅशियम-४० चं १,४६१ आणि थॅलियम-२०८ चं २,६१४.५ ही शिखरंही पाठ असू द्या.

पार्श्वभूमी वजा करताना जास्त वजा करणं हाही सापळाच आहे. आलेख सुंदर दिसतो, आणि खऱ्या शिखरांच्या जोडीला उणे खड्ड्यांच्या कडेने खोटी शिखरंही उभी राहतात.

९. जोडरेषा शोधणं

आता सरांच्या प्रश्नाकडे. बेरीज केलेला स्पेक्ट्रम २.५ एमईव्हीच्या वर न्या. तिथे सपाट माळ आहे, अधूनमधून दोन-चार मोजण्यांचे कोंभ. बहुतेक क्षय शेकडो वाटांत वाटला गेलेला असल्यामुळे तो एका रेषेत दिसत नाही, एका रुंद फुगवट्यात मिसळून जातो. त्यातून एखादी वाट योगायोगाने बळकट निघाली तरच ती शिखर म्हणून दिसते. म्हणून काही केंद्रकांत वाट लवकर सापडली आणि काहींत कितीही डेटा घेतला तरी सापडत नाही.

कोंभ दिसला की मी पुढच्या क्रमाने त्याला तपासते.

सगळ्यात आधी, ५११ आणि १,०२२ केईव्ही वर बघते. चार एमईव्हीचा गामा स्फटिकात इलेक्ट्रॉन-पॉझिट्रॉनची जोडी बनवतो आणि त्यातला ५११ चा एक किंवा दोन्ही तुकडे निसटू शकतात. ४,०११ ची खरी रेषा असेल तर ३,५०० ला तिची सावली पडते. नेमकं ५११ चं अंतर असेल तर तुम्हाला दोन शोध लागलेले नाहीत, एकच लागला आहे.

मग उलटं गेट. त्या कोंभावरच गेट लावून खाली फणी दिसते का ते बघायचं. दिसली तर पुढचा प्रश्न : फणीचा सगळ्यात खालचा दात दिसतो की गळतो? कोणता दात गळतो त्यावरून ती रेषा बँडच्या कुठल्या पायरीवरून निघाली ते ठरतं. आणि त्याच स्पेक्ट्रममध्ये नेहमीच्या आकाराची कुठली संक्रमणं दिसतात, कुठपासून दिसत नाहीत, यावरून ती कुठे पोचली ते ठरतं. या अभ्यासाचा सगळा जीव या एका स्पेक्ट्रममध्ये असतो. मी त्याची छापील प्रत काढून भिंतीवर लावायचे आणि चार दिवस नुसती बघायचे.

मग बेरजा. सुपरडिफॉर्म्ड पातळीपासून खालपर्यंतच्या दोन वेगळ्या वाटांची ऊर्जेची बेरीज सारखी यायला हवी, त्रुटीच्या मर्यादेत. माझं जे जुळत नव्हतं ते हेच.

शेवटी डेटाचे दोन तुकडे करा, पहिले दिवस आणि नंतरचे दिवस. शिखर दोन्हींत हवं. एकातच असेल तर थांबा.

डिस्प्रोशियम-१५२ मध्ये हे सगळं जुळलं तेव्हा कळलं की फणीची सर्वांत खालची पातळी स्पिन २४ ची (स्पिन म्हणजे केंद्रकाच्या फिरण्याचं माप) आहे आणि ती १०.६४४ एमईव्हीला टांगलेली आहे. पारा-१९४ मध्ये बँड स्पिन १० च्या आसपास उतरतो, आणि तो स्पिन शून्यापर्यंत मनाने खाली ओढला तर दुसऱ्या दरीचा तळ सुमारे ६ एमईव्हीला येतो. टेकाडापलीकडच्या दरीची उंची माणसाने अशी मोजली, हे मला अजूनही थोर वाटतं.

१०. स्पिन आणि पॅरिटी

ऊर्जा जुळली म्हणजे स्पिन ठरला असं नाही. कोनीय सहसंबंधाचं गुणोत्तर, डीसीओ, काढा. चतुर्ध्रुवी गेट लावलं तर ई-२ साठी ते एकच्या जवळ आणि शुद्ध द्विध्रुवीसाठी अर्ध्याच्या जवळ येतं. आधी ज्ञात संक्रमणांवर ही किंमत स्वतःच्या डेटात तपासून घ्या. ९० अंशांवरचे क्लोव्हर ध्रुवीकरणही मोजतात, कारण एका स्फटिकातून शेजारच्यात उडालेला गामा उभ्या दिशेने जास्त गेला की आडव्या, यावरून संक्रमण विद्युत की चुंबकीय ते, आणि त्यावरून पॅरिटी (आरशातल्या सममितीची खूण, अधिक की उणे) कळते. चार एमईव्हीला मोजण्या इतक्या थोड्या असतात की हे बहुधा जमत नाही. तसं असेल तर तसं लिहा.

लेव्हल स्कीम, म्हणजे पातळ्या आणि संक्रमणांचा नकाशा, काढताना खात्री नसलेलं संक्रमण तुटक रेषेने काढायची आणि स्पिन कंसात लिहायची रीत आहे. मार्गदर्शकांनी घाई केली, परिषदेची तारीख जवळ आली, तरी तुटक रेषा अखंड करू नका. त्या रेषेवर विसंबून दुसरा कुणी आपला गणिती आराखडा बसवणार असतो. माझ्या प्रबंधातल्या आकृतीत उजवीकडे वरून खाली येणाऱ्या दोन तुटक रेषा आहेत. ती ३,३०० च्या आसपासची दोन शिखरं. कॅलिब्रेशन सुधारल्यावर फरक अडीच केईव्हीवरून अर्ध्यावर आला, पण मोजण्या पुरेशा नव्हत्या. त्या अजून तुटकच आहेत, आणि तो डेटा मागायला कुणी आलं तर वहीसकट देईन.